गाडीचें अंग कोणासाठीं?

मोटारगाडीचे मुख्य भाग दोन. पहिला चासी, म्हणजे यंत्र, चाकें आणि त्यांना धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. दुसरा बॉडी, म्हणजे गाडीचें अंग. सांगाडा भार वाहतो. पण तो भार कोणाचा आणि तो कसा बसावयाचा, हें अंग ठरवितें. इटलींत घडलेली एक देखणी मोटार आणि महाडच्या स्थानकांत येणारी साधी एस्. टी. यांतला फरक येथेंच आहे.

पूर्वीं श्रीमंत गिऱ्हाईक नुसती चासी विकत घेई आणि तिच्यावर आवडीचें अंग कारागिरांकडून चढवून घेई. घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्यांचीच ही विद्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कळसास पोंचली. १९४७ सालीं तूरिनच्या पिनिन फारिना यांनीं चिसितालिया २०२ या गाडीस असें अंग दिलें कीं, दिवे, मडगार्ड व टप वेगळे न भासतां सारी आकृति एकाच पत्र्याची वाटावी. ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीनें ठोकून हा घाट आणलेला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९५१ मध्यें ती गाडी शिल्पाप्रमाणें मांडली. मात्र तींत जागा दोघांचीच! पुढें चासी व अंग एकजीव करून कारखान्यांत काढण्याची रीत रूढ झाली आणि या कारागिरांचा धंदा बसला.

बसगाडीपुरती ही विद्या टिकली. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. तिचें अंग लाकडी होतें आणि बैठकी काथ्याच्या. नंतर ॲल्युमिनियम आलें, मग पोलाद. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत विकत घेतलेल्या चासींवर हीं अंगें बांधलीं गेलीं. येथें सौंदर्याची कसोटी निराळी. पायरी किती उंच असली म्हणजे टोपली घेतलेली म्हातारी चढूं शकेल, दांडी कोठें असली म्हणजे घाटाच्या वळणावर उभ्या माणसाचा तोल राहील, येथें कारागिराचें कसब लागतें.

वाहनांतील जागा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९२९ सालीं चाळीसगांवीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना घेऊन टांगा हांकण्यास टांगेवाले तयार होईनात. टांगा भाड्यानें मिळाला, हांकणारा मिळाला नाहीं. मंडळींपैकीं एका नवख्या गृहस्थानें तो हांकला. मोरीवर चाक अडकलें, बाबासाहेब फेंकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांग्यांत उणें कांहींच नव्हतें. उणें होतें तें माणसांच्या मनांत. त्यापूर्वीं दोनच वर्षें, २० मार्च १९२७ रोजीं, त्यांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें होतें. तें तळेंही नगरपालिकेच्या ठरावानें खुलें, पण व्यवहारानें बंदच होतें.

सार्वजनिक तळें आणि सार्वजनिक वाहन यांची परीक्षा एकच: तेथें येणाऱ्यास त्याची जात विचारली जाते कीं नाहीं? एस्. टी.च्या अंगांत जातीवार बैठक नाहीं. एका तिकिटाशेजारीं दुसरें तिकीट बसतें. दरवर्षीं २० मार्चला अशा गाड्यांतून माणसें महाडास उतरतात आणि तळ्याकडे चालूं लागतात. चिसितालियाची रेषा अधिक देखणी खरी. पण अंग कोणासाठीं बांधलें, असें कोणी विचारलें तर एस्. टी.स मान खालीं घालावी लागणार नाहीं.