रमाबाई, प्लेग आणि आपली नाइट ड्युटी



११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला आजच्यासारखाच एक पदवीदान समारंभ झाला होता. तिथल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्या दिवशी डॉक्टर झाल्या. समोर बसलेल्या लोकांत त्यांच्या दूरच्या नात्यातली आणखी एक मराठी बाई होती. या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून बोटीनं आलेल्या पंडिता रमाबाई. रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या त्याही खरं तर वैद्यकी शिकायलाच. कान साथ देईनात, म्हणून ते राहून गेलं. स्वतःला न मिळालेली पदवी दुसरीला मिळताना बघायला एवढा समुद्र ओलांडून येणं, यातच ती बाई काय होती ते कळतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या इस्पितळात आनंदीबाईंची जागा ठरली होती. तिथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयानं त्या पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आज इथे बसलेल्या बऱ्याच जणींचं वय तेवढंच आहे.

नर्सिंगच्या पदवीदानाच्या भाषणात असली गोष्ट काढायची नसते, हे मला कळतं. पण प्राचार्यबाईंनी मला विषय दिला तो ‘संकटकाळी देवावरचा भरवसा’. या विषयावर बोलणारे बहुतेक जण शेवट गोड झालेल्या गोष्टी निवडतात. आजार बरा झाला, नोकरी मिळाली, कर्ज फिटलं. त्या गोष्टी खऱ्याच असतात. फक्त आयसीयूत त्या फारशा कामाला येत नाहीत. म्हणून अवघड गोष्ट आधी मांडली.

तुमच्यातले निम्मेअधिक ख्रिस्ती नाहीत. मी ख्रिस्ती आहे आणि तिथूनच बोलणार. सगळ्यांना रुचेल असं गुळमुळीत बोलायचं माझं वय राहिलेलं नाही. पटेल ते घ्या.

आता रमाबाईंकडे वळते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला माणूस. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडत होतं. दागिने विकले, मग चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी. शेवटी विकायला काही उरलं नाही. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी आणि रानातला पाला यांवर काढल्या. हे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईला न्यायला चार माणसं मिळेनात. दोघं आले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून त्यांनी आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला. मग भाऊ-बहीण पायी उत्तरेला निघाले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे विद्वानांनी या मुलीला पंडिता आणि सरस्वती ठरवलं. दोन वर्षांत भाऊही गेला. लग्न केलं, तर १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. पदरात मनोरमा, वर्षही न भरलेली.

बाप्तिस्मा झाला तो १८८३ मध्ये, इंग्लंडात. म्हणजे हे सगळं सोसून झाल्यावर. कुणी असं समजू नये की देवावर विश्वास ठेवला आणि मग संकटं थांबली. थांबली नाहीत. पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांचं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यात प्लेग आला.

त्या वेळी रमाबाई दुष्काळी भागात गेल्या. भुकेचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नव्हता. उपाशी पोरींना कोण कशासाठी उचलून नेतं तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि शेकडो मुली घेऊन त्या परतल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात एवढ्या मुली ठेवता येईनात. तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला संस्थेसाठी आधीच घेऊन ठेवलेली जमीन कामी आली. शाळेला थोडंफार उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेली ती जमीन. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून मुक्ती मिशन झालं. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या.

व्यासपीठावरून इथे थांबून म्हणता येतं, बघा, देवानं आधीच जमीन घेववली होती! मीही मानते तसं. पण ते मागे वळून बघताना मानते. जमीन घेताना रमाबाईंना दुष्काळ दिसत नव्हता. आणि ज्या प्लेगमुळे मुली केडगावला आल्या, त्या प्लेगला देवाची योजना म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सूत्रं देवाच्या हाती आहेत यावर माझा विश्वास आहे. सगळी सूत्रं मला दिसतात, असा दावा मी करत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकायला माझी उमर गेली.

आता रमाबाईंची एक गोष्ट, जी आमच्या मंडळ्यांमध्ये फारशी सांगितली जात नाही. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी दैना चालली होती, त्यावर. पत्र असं झोंबलं की प्रश्न थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनी आरोप खोटे आणि दिशाभूल करणारे म्हणून झटकून टाकले. रमाबाई इंग्रजांच्या धर्मात गेल्या म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावं. मला त्यात वेगळंच दिसतं. रोज पहाटे उठून प्रार्थना करणारी, प्रत्येक शेरभर धान्यासाठी देवाकडे तोंड करणारी ही बाई इस्पितळातला गैरकारभार दिसल्यावर ‘प्रभूची इच्छा’ म्हणून गप्प बसली नाही. देवावर भरवसा होता म्हणूनच सरकारची भीती उरली नसावी, असं मला वाटतं. तुमच्या वॉर्डात चाळीस पेशंटना एक सिस्टर असेल, संपलेलं औषध रजिस्टरवर शिल्लक दिसत असेल, तेव्हा प्रार्थना कराच. आणि लेखी कळवा. तारीख घालून कळवा.

मुलांनो, तुमच्या कामात सगळ्यात जपून वापरायचं वाक्य म्हणजे ‘देवाची इच्छा’. ते वाक्य खोटं नाही. पण कुणी कुणाला कधी म्हणायचं, यावर सगळं आहे.

मॅटर्निटीत माझी ड्युटी होती तेव्हाची एक बाई मला आठवते. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत ओळखीच्या कुणी बाई आल्या, चांगल्या मनाच्या, हातात पवित्र शास्त्र. कॉटजवळ उभ्या राहून त्यांनी सांगितलं की देवाला त्या बाळाची आपल्याहून जास्त गरज होती. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या गेल्यावर वॉर्डातल्या मावशी आल्या. त्यांनी बघितलं, म्हणाल्या, “दूध आलंय ताई तुम्हाला, ब्लाउज भिजलाय. चला, बदलून घेऊ.” पडदा ओढला. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही आणि मग ती आई पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या होत्या. त्या मावशींना सही करता येत नव्हती, महिन्याचा पगार अंगठा लावून घ्यायच्या. देव त्या दिवशी कोणाबरोबर वॉर्डात आला, यावर माझं मत ठाम आहे.

ईयोबाचं पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना हे नवीन नाही. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गमावून तो राखेत बसला. तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तेवढे सात दिवस ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंडं उघडली आणि त्याच्या दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या तिघांवर. देवाशी भांडणारा, जाब विचारणारा ईयोबच बरोबर बोलला, असा निवाडा होतो. आणि ईयोबाला कारण मात्र शेवटपर्यंत कळत नाही. देव त्याला भेटतो, कारण देत नाही.

भरवसा ठेवणारा माणूस रडत नाही, घाबरत नाही, असं कुणी तुम्हाला शिकवलं असेल तर ते सोडून द्या. गेथशेमाने बागेत येशूनं पकडले जाण्याआधी हा प्याला टळो म्हणून एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली. सोबतीला घेतलेले मित्र झोपून गेले होते. प्याला टळला नाही. पित्याच्या हाती सगळं सोपवणं आणि ‘हे नको’ असं त्याच पित्याला सांगणं, दोन्ही एकाच रात्री, एकाच तोंडून झालं. वधस्तंभावर तर त्यानं स्तोत्रकर्त्याचे शब्द घेऊन, मला का टाकलंस, असं विचारलं. ख्रिस्ती माणसाचा भरवसा या प्रश्नासकट असतो. पुनरुत्थानाचा रविवार आम्ही मानतो, त्यावरच तर सगळं उभं आहे. पण शुक्रवार दुपारी कुणाला रविवार दिसत नव्हता. आणि तुमच्या बहुतेक ड्युट्या शुक्रवार दुपारच्याच असणार आहेत.

रमाबाईंचा शेवटही असाच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी उतारवयात अंगावर घेतलं. खेड्यातल्या, थोडं वाचता येणाऱ्या बायकांना समजावं म्हणून. त्या दोन्ही भाषा त्यासाठी शिकल्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली, छापखानाही मुक्तीतलाच. संस्था पुढे मनोरमा चालवेल, असं ठरलेलं. ती शिकून तयार झाली होती, आईचा उजवा हात झाली होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. आईचं वय त्रेसष्ट, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. त्या परत कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर पडलं. छापलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. कधी पुण्याहून दौंडकडे गेलात तर उतरून बघा, स्टेशनापासून लांब नाही.

या बाईकडून मी एवढंच घेतलं की निकाल आपल्या ताब्यात नसला तरी पुढचं काम असतं. निकालाचं ओझं देवाकडे दिलं की हात मोकळे होतात आणि त्याच हातांनी बीपी घ्यायचं, कूस बदलून द्यायची, चार्ट भरायचा. पेशंट तुमच्यामुळे जगला, असं फार वेळा वाटू देऊ नका. तो तुमच्यामुळे गेला, असंही नाही. जिथे खरोखर चूक झाली असेल तिथे ती सांगायची, लपवायची नाही. बाकीचं देवाच्या हाती सोपवून घरी जायचं.

घरी जायचं, हे मुद्दाम म्हणतेय. एलीया संदेष्टा एकदा जिवाला इतका कंटाळला की रानात एका झुडपाखाली पडून त्यानं मरण मागितलं. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूत आला, त्यानं त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दाखवलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण वाट लांबची होती. आधी झोप, मग जेवण, आणि बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी. याहून चांगला नर्सिंग केअर प्लॅन मी पाहिलेला नाही.

तेव्हा नाइटला येण्याआधी जेवून या. डबा नुसता आणू नका, उघडून खा. सकाळी हँडओव्हर देऊन झालं की मोबाइल बंद करून झोपा. पहिल्या वर्षात एखाद्या पेशंटचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर आपला विश्वास कमी पडला असं समजून गप्प राहू नका. रूममेटला सांगा, सीनियर सिस्टरला सांगा, डॉक्टरकडे जा, गोळी दिली तर घ्या. आणि पालकांनो, रात्रपाळी करून दमून आलेली लेक चिडून बोलली तर त्या दिवशी तिला लग्नाचं विचारू नका.

सगळ्यांचं अभिनंदन. प्रभू तुम्हाला सांभाळो.