फवारा बंद झाला, पुढे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पळस तोडला की काय होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बुडापासून तोडा, मृगाचे दोन पाऊस पडू द्या, एका खुंटाला दहा धुमारे. आज ज्या मुलखाची गोष्ट सांगतो आहोत तो कॅनडातला क्वेबेक प्रांत. तिथे कपाशी नाही, अर्धे वर्ष बर्फ. पण खुंटाचा स्वभाव तोच.

तिथे स्प्रूस, फर अशी सुईसारख्या पानांची झाडे लाकडासाठी वाढवतात. तोड झाली की रोपे लावतात. स्प्रूस सावकाश वाढणारा. त्याच्या आधी बर्च, अ‍ॅस्पेन, रानचेरी उठतात आणि रोपाच्या डोक्यावर सावली धरतात. पूर्वी यावर विमानाने ग्लायफोसेट फवारत. लोकांनी हरकत घेतली. १९९४ साली सरकारने ठरवले आणि २००१ साली सरकारी जंगलातला रासायनिक फवारा बंद झाला. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मात्र तो चालूच राहिला.

मग करतात काय? पहिले म्हणजे रोप मोठे लावतात आणि तोड झाल्यावर रान फार दिवस मोकळे ठेवत नाहीत. पेरणी वेळेवर साधली की निंदणी हलकी जाते, तसेच. बाकीचे काम माणसांचे. खांद्याला अडकवलेले इंजिन, लांब दांडा, टोकाला गोल करवतीचे पाते. रोपाभोवतीचे तेवढे कापायचे, रोप वाचवायचे. वेळ भर उन्हाळ्याची, पाला पुरता फुटल्यावर. मुळातला साठा तेव्हा पाल्यात खर्च झालेला असतो, म्हणून फुटवा जोम धरत नाही. पानगळीनंतर कापले तर मुळे भरलेली, वसंतात दुप्पट जोराने वर. अ‍ॅस्पेन कशालाच दाद देत नाही. तो मुळांवरून फुटतो.

एक बुरशीही आहे, नाव अवघड, कोंड्रोस्टेरियम पर्प्युरियम. थंड मुलखातल्या रानात ती आपोआप असतेच. ताज्या कापलेल्या खुंटावर लावली की आत शिरून लाकूड कुजवते, धुमारे मरतात. हॉलंडमध्ये पाइनच्या रानात माजलेल्या अमेरिकन रानचेरीवर ती वापरली, नंतर कॅनडात परवाना मिळाला, फिनलंडमध्ये बर्चवर प्रयोग झाले. बर्चवर चालते, अ‍ॅस्पेनवर फारशी नाही. आणि रसायन नाही म्हणून निर्धोक, असे समजू नका. आलुबुखार आणि चेरीच्या बागांना हीच बुरशी रोग आणते. बागेपासून लांबच वापरावी लागते.

आता मजुरीचे बोलू. आम्हाला यात खरा प्रश्न तोच दिसतो. क्वेबेकचे सुमारे ९० टक्के जंगल सरकारी. फवारा बंद केला सरकारने, आणि कापणीचा भारही शेवटी सरकारी पैशावरच पडतो. निर्णय ज्याचा, खर्च त्याचा. आपल्याला तणनाशक सोडा म्हणणारे पुष्कळ भेटतात, निंदणीच्या मजुरीचे नाव काढले की उठून जातात.

तिथेही सगळे गोड नाही. मजुराला रोज नाही, कापलेल्या क्षेत्रावर पैसे. यंत्र बहुधा त्याचे स्वतःचे. चढ-उतार, पडलेले ओंडके, चावऱ्या काळ्या माश्या. रान दाट निघाले तर दिवसभरात क्षेत्र थोडे होते आणि कमाई उतरते. आणि अ‍ॅस्पेनच्या तुकड्यात काही वर्षांनी पुन्हा यंत्र घेऊन जावेच लागते.