अडीच टनांचा ताबा
(वसंत व्याख्यानमालेत हिंगोली येथे दिलेलं व्याख्यान)



मे 2024 मध्ये पुण्यातून एक बातमी आली. रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या दोन गाड्या यापुढे पुण्यातच जोडल्या जाणार होत्या. 54 वर्षांत ही गाडी प्रथमच ब्रिटनबाहेर बनणार, असं कंपनीने सांगितलं. किंमत उतरली, तरी तेव्हा मोठी गाडी 2 कोटी 36 लाखांपासून आणि स्पोर्ट 1 कोटी 40 लाखांपासून होती. हे ऐकून वसमतच्या हळदीचे किती क्विंटल लागतील, असा हिशोब काहींच्या मनात सुरू झालेला दिसतो. तो घरी जाऊन करा. मला आज किमतीबद्दल बोलायचं नाही. इतकी जड, इतकी उंच गाडी इतक्या वेगाने पळूनही रस्त्यावर राहते कशी, एवढंच मी सांगणार आहे.

ताकदीचे आकडे सगळे विचारतात, म्हणून ते आधी उरकतो. ब्रिटनमधल्या सोलिहलहून तयार येणाऱ्या व्ही-8 रेंज रोव्हरला 530 अश्वशक्ती आहे. स्पोर्टच्या एसव्ही या सर्वांत तिखट अवताराला 635. ती 3.8 सेकंदांत शून्यावरून ताशी 100 किलोमीटर गाठते. पुण्यात जोडल्या जातात त्या सहा सिलिंडरच्या गाड्या. त्यातल्या डिझेलचा टॉर्क 700 न्यूटन मीटर आहे. झालं. माझ्या मते या गाडीतला हा सर्वांत सोपा भाग. दोन टर्बो लावले, हवा जास्त कोंबली, इंधन जास्त जाळलं, की ताकद मिळते. अवघड काम त्यानंतर सुरू होतं.

एक गणित मांडतो. अडीच टनांची गाडी ताशी 100 ने धावते तेव्हा तिच्यात साधारण 9 लाख 65 हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. चहाच्या टपरीवरचं तीन-सव्वातीन लिटर पाणी उकळायला लागेल एवढी. व्ही-8 ती गाडीला 4.6 सेकंदांत देते, म्हणजे सरासरी 285 अश्वशक्तीच्या दराने. समोर उसाची ट्रॉली आडवी आली आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांवर ही गाडी सुमारे 40 मीटरांत, तीनेक सेकंदांत थांबते. तेवढीच ऊर्जा तीन सेकंदांत बाहेर काढायची, म्हणजे सरासरी 435 अश्वशक्तीच्या पुढचा दर झाला. गाडीतलं सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसतं, ते चाकांच्या आत असतं. आणि ही सगळी उष्णता चार डिस्कनी झेलायची. घाटात एकदा झेलणं जमतं, दहाव्या वळणावरही तसंच जमलं पाहिजे. एसव्हीला कार्बन सिरॅमिकच्या डिस्क मिळतात त्या यासाठी. त्यांनी सुमारे 34 किलो वजनही वाचतं, आणि ते वजन चाकापाशी, स्प्रिंगच्या खाली वाचतं. खड्ड्यातून वर उसळलेलं चाक जितकं हलकं, तितकं ते लवकर परत जमिनीला टेकतं. तिथल्या एका किलोचं मोल टपावरच्या एका किलोपेक्षा फार जास्त असतं.

आता सस्पेन्शनकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडची काळीपिवळी जीप आठवा. मागे पाट्यांचे स्प्रिंग. दोनच माणसं बसली असतील तर हाडं खिळखिळी होतात, आणि चौदा कोंबली की गाडी कशी मऊ चालते! कारण साधं आहे: पाटे भरलेल्या गाडीसाठी ताठ ठेवलेले असतात. गाडीचं धूड स्प्रिंगवर वरखाली डोलतं त्याला एक ठराविक लय असते. ही लय सेकंदाला एक ते दीड वेळा राहिली तर माणसाला बरी वाटते. सेकंदाला चार ते आठ हेलकावे बसले की पोट ढवळतं, पाठ धरते. रिकाम्या जीपचा डोलण्याचा वेग त्या दिशेने सरकतो. स्टीलचा स्प्रिंग एकदा बनला की बनला, माणसं मोजून तो आपला ताठपणा बदलत नाही.

1970 साली बाजारात आलेली पहिली रेंज रोव्हर स्पेन किंग या अभियंत्याने आखली तेव्हा त्याने पाटे काढून लांब कॉइल स्प्रिंग बसवले, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि चारही चाकं कायम ओढती ठेवली. शेतात जाणाऱ्या गाडीला असं कुणी करत नव्हतं. 1992 मध्ये त्याच गाडीत हवेचे स्प्रिंग आले. रबराच्या फुग्यात कोंबलेली हवा. माणसं बसली की यंत्रणा फुग्यातला दाब वाढवते, दाबाबरोबर ताठपणाही वाढतो, आणि डोलण्याची लय जवळपास तीच राहते. चालक एकटा असो की गाडीत पाच जण आणि बोजा, गाडी सारखीच चालते. आजच्या रेंज रोव्हर स्पोर्टच्या फुग्यांना दोन कप्पे आहेत. दोन्ही कप्पे जोडले की हवेला जागा जास्त आणि स्प्रिंग मऊ. एक बंद केला की तोच स्प्रिंग ताठ.

हे आपल्या काळ्या मातीला का लागू पडतं, ते सांगतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मुरुमाचा भराव नीट नसेल तर दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. वारंगा फाट्याकडे जाताना कुठल्याही जुन्या तुकड्यावर तुम्ही हे अनुभवलं असेल: खड्डा एकही नाही, पण गाडी झुलते. समजा एका लाटेची लांबी 20 मीटर आहे आणि गाडी ताशी 100 ने जाते आहे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. सेकंदाला 1.4 लाटा. अगदी गाडीच्या स्वतःच्या लयीवर! झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं आणि हेलकावा वाढत जातो. इथे नुसता मऊ स्प्रिंग उपयोगाचा नाही, उलट मऊ गाडी जास्त झुलते. हेलकावा मारायचा तो शॉकअपने. या गाडीचे शॉकअप सेकंदात कित्येकदा आपला जोर बदलतात. त्याच गाडीला लहान खड्ड्यावर शॉकअप सैल हवा असतो आणि लाटेवर घट्ट. ही निवड माणसाच्या हाती नसते, कारण माणूस तेवढा चपळ नाही.

हिंगोलीत हा विषय परका वाटू नये याला आणखी एक कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. तिच्या 2,600 कोटींच्या खर्चाला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टोकांना 40 किलोचे आरसे, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी हालचाल पकडायची, तर जमिनीचं थरथरणं आरशापर्यंत पोचता कामा नये. टांगलेली वस्तू तिच्या स्वतःच्या लयीपेक्षा जलद असलेल्या थरथरीकडे दुर्लक्ष करते, हा लंबकाचा गुण. लंबक ज्यांना टांगलेले असतात ती पीठं जमिनीची हालचाल मोजून उलट दिशेने ढकलतात, ही पुढची पायरी. रेंज रोव्हरच्या सस्पेन्शनमध्ये हेच दोन विचार आहेत: आधी टांगा, मग मोजून उलट ढकला.

पण मोटारीचा प्रश्न जास्त किचकट आहे, आणि इथे मी गाडीच्या अभियंत्यांची बाजू घेतो. आरशाने फक्त स्थिर राहायचं असतं. गाडीने स्थिर राहायचं आणि स्टेअरिंगचं ऐकायचंही. उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. कलू नये म्हणून डावं-उजवं चाक एका ताठ दांड्याने बांधतात, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात. दांडा जितका ताठ तितकं कलणं कमी, पण मग एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही कळतो आणि प्रवाशांची डोकी खिडकीकडे हेलकावतात. स्पोर्टवर यासाठी 48 व्होल्टची मोटर असलेला दांडा मिळतो. सरळ रस्त्यावर तो सैल असतो, वळणावर 1,400 न्यूटन मीटरपर्यंत पीळ देऊन गाडी सरळ धरतो. एसव्हीमध्ये तर दांडेच काढून टाकले आहेत. चारही शॉकअप तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले आहेत, एका कोपऱ्यातला दाब दुसऱ्याला सावरतो. मला विचाराल तर 635 अश्वशक्तीपेक्षा या नळ्या जास्त कौतुकाच्या आहेत.

मागची चाकंही वळतात, 7 अंशांपर्यंत. हळू असताना पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, म्हणून एवढं धूड बाजाराच्या गल्लीत फिरतं. वेगात त्याच दिशेला, म्हणून लेन बदलताना शेपूट हलत नाही.

ही सगळी हुशारी चालवणाऱ्याला एक चुकीची गोष्ट शिकवते. उंच बसलेल्या माणसाला रस्ता लांब दिसतो आणि जवळची जमीन सावकाश सरकताना दिसते. त्यात केबिन शांत. ताशी 120 वर 90 वाटतात. समृद्धी महामार्गावर 120 ही मर्यादा आहे, आणि त्या वेगाला गाडीतली ऊर्जा 100 च्या तुलनेत 44 टक्क्यांनी वाढलेली असते. संगणकाने कलणं लपवलं, हेलकावा लपवला, तरी टायरची पकड तेवढीच राहते. म्हणून आपल्या रस्त्यांसाठी माझा कौल सहा सिलिंडरच्या डिझेलला आणि लहान रिमच्या जाड टायरला. 23 इंची रिम मुंबईच्या शोरूममध्ये शोभते; काळ्या मातीच्या रस्त्यावर टायरची पातळ बाजू आधी फुटते.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, कारण पावसाळा दूर नाही. ही गाडी 900 मिलिमीटर पाण्यातून जाते, असं कंपनी सांगते. ते खरं आहे, पण स्थिर पाण्यात, कडक तळावर, हळू. गाडीच्या पोटाचं क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर धरा. पाणी आत शिरेपर्यंत, पोटाच्या वर चढणारं दर 10 सेंटिमीटर पाणी 600 ते 700 किलो वजन उचलून धरतं. अडीच टनांचा टायरवरचा भार असा उतरत जातो, आणि वाहतं पाणी बाजूने ढकलत असतं. तेव्हा कयाधू नदीला पूर आला आणि पुलावरून पाणी जात असलं, तर गाडी दोन कोटींची असो की दोन लाखांची, अलीकडेच थांबा आणि मागच्यालाही थांबवा.