मढं कुणाचं, ते आधी बघतात
(केज तालुक्यातल्या बैठकीतलं भाषण)



16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला. वाईटच झालं. कित्येक दिवस टीव्हीवर तोच विषय. महिना झाला नाही तोच आपल्या केज तालुक्यात, मांगवडगावला, शेतजमिनीच्या वादातून एकाच घरातले तीन पारधी मारले. बाप आणि दोन पोरं. तेव्हा ते टीव्हीवाले कुठं होते?

याच तालुक्यात 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले. निघायलाच पाहिजेत. त्या घराचं दुःख खरं आहे. पण मांगवडगावसाठी तेवढी माणसं रस्त्यावर का नाही आली?

पारधी मेला की आधी विचारतात, ‘त्यानं काय केलं होतं?’ 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 ला गेला, डोक्यातून गेला नाही. गायरान कसणाराला एकदा ‘अतिक्रमणवाला’ म्हटलं, की त्याच्या मरणाची बातमीही बारीक होते.

आपण तसं करायचं नाही. मेलेला कुठल्याही जातीचा असो, त्याच्या दारी जायचं. आणि तिथंच ताठ मानेनं विचारायचं: आमच्या दारी कधी येता?