उन्हाळी, क्रॅनबेरी आणि तांब्याभर पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी लातूर येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या दुखण्याचे नाव आपण चारचौघींत काढीत नाही, त्याविषयीच मी बोलणार आहे. लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून आपण ती अंगावर काढतो. मीही तेच केले.

माझे माहेर नांदेडचे, सासर लातूरचे. अहमदपूर-लोह्यावरून एस. टी.ने माहेरी जायचे म्हटले, की मी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. वाटेत बाईमाणसाने जायचे कोठे? पुढे २०१६ चा दुष्काळ आला. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला लातुरास आली, ती आपल्याला आठवत असेलच. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत घरच्यांचे भागवून उरेल ते आपण प्यायचे, ही आपणा बायकांची रीत. मला वारंवार उन्हाळी लागू लागली ती तेव्हापासून.

परदेशी असलेल्या लेकीने काळजीपोटी क्रॅनबेरीच्या गोळ्या धाडल्या. पुढच्या खेपेस जळजळ सुरू होताच मी त्या घेऊ लागले आणि चार दिवस कोणाला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पाठीत कळा येऊ लागल्या. सुनेने ओळखले, हट्टाने दवाखान्यात नेले, म्हणून आज मी आपल्यासमोर उभी आहे. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले होते.

बरी झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारले, “मग ही फळे खोटीच का?” त्यांनी जे समजावले ते सांगते.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जमिनीत वाढणारे आंबट, तांबडे फळ. आपले करवंद ते हे नव्हे, मग दुकानदार काहीही म्हणो. हा आजार बहुधा आपल्या आतड्यांतल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून वाढतात. क्रॅनबेरीतील काही द्रव्ये त्यांना चिकटू देत नाहीत, असे मानतात. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली पन्नास अभ्यास एकत्र तपासले. ज्या स्त्रियांना हा त्रास पुनःपुन्हा होतो, त्यांच्यात तो होण्याचा धोका क्रॅनबेरीने सुमारे एक चतुर्थांश कमी झाला. गर्भवती स्त्रियांना मात्र फायदा दिसला नाही. शिवाय हे सारे आजार टाळण्यापुरते. क्रॅनबेरी ही दारावरची राखण आहे. चोर घरात शिरल्यावर तिचा उपयोग नाही. माझी चूक झाली ती येथेच.

आता स्वस्त उपाय ऐका. कमी पाणी पिणाऱ्या आणि हा त्रास वारंवार होणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्या. वर्षभरात त्यांना हा त्रास सरासरी १.७ वेळा झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा! आपले धण्याचे पाणी जरूर प्यावे, त्यानेही पोटात पाणीच जाते. पण त्याला औषध समजू नये. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती पाणी प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

जळजळीबरोबर ताप, पाठदुखी किंवा लघवीतून रक्त असेल, बाई गरोदर असेल किंवा तिला मधुमेह असेल, तर एक दिवसही थांबू नये. लघवी तपासून घ्यावी, दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. शेजारणीच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

शेवटी एक विनंती. मंडळाची सहल ठरवताना देवदर्शनाआधी शौचालयाची चौकशी करू या. शाळेत स्वच्छतागृह नाही म्हणून मुली पाणी पीत नसतील, तर आपण जाऊन मुख्याध्यापकांना विचारू या. आणि घरात सर्वांना पाणी देताना एक पेला स्वतःसाठी आधी भरू या. त्यात लाज कसली?