भारतीय संगणकविद्येचे आद्य शिल्पकार : डॉ. आर. नरसिंहन

(भाषणाचा मजकूर)



सातबाराचा उतारा, जन्माचा दाखला, शिक्षकांची वेतनपत्रके, ग्रामपंचायतीचा जमाखर्च ही सर्व कामे आज संगणकावर होतात. हे यंत्र आता सर्वांच्या इतके परिचयाचे झाले आहे की, आपल्या देशात ते प्रथम कोणी घडविले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्या तरुण मंडळींनी हे कार्य शिरावर घेतले, त्यांचे नेतृत्व डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे होते.

नरसिंहन यांचा जन्म १९२६ मध्ये मद्रास येथे झाला. तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीचा, तर इंडियाना विद्यापीठात गणिताचा उच्च अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली. यंत्राची जाण आणि गणिताची शिस्त यांचा असा संगम त्या काळी विरळा होता. १९५४ मध्ये ते मायदेशी परतले आणि डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेत रुजू झाले.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. देशात संगणक बनविण्याचा कारखाना नव्हता, तो शिकविणारे महाविद्यालय नव्हते, सुटे भागही सहज उपलब्ध नव्हते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून एक लहान संगणक आणण्याची सिद्धता चालविली होती. मुंबईतही तोच मार्ग अनुसरता आला असता. परंतु विकत घेतलेले यंत्र वापरता येते, त्याचे अंतरंग मात्र कळतेच असे नाही. म्हणून संगणक येथेच घडविण्याचे ठरले.

प्रथम एक लहान पथदर्शी यंत्र तयार करण्यात आले आणि १९५६ मध्ये ते चालू झाले. त्यावरून मिळालेल्या अनुभवाच्या आधारे मोठ्या यंत्राची उभारणी झाली. ते १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

या यंत्राची रचना समजून घेण्याजोगी आहे. संगणकाला केवळ शून्य आणि एक अशी दोनच चिन्हे कळतात. टिफ्रॅकमध्ये अशी ४० चिन्हे मिळून एक ‘शब्द’ होई आणि त्याच्या स्मृतीत असे २,०४८ शब्द मावत. म्हणजे एकूण ८१,९२० चिन्हे. प्रत्येक चिन्हासाठी फेराइट या चुंबकीय पदार्थाची एक बारीक कडी असे. एका दिशेने चुंबकित झाली की शून्य आणि उलट दिशेने झाली की एक. अशा कड्या बारीक तारांत ओवून स्मृतीचे पट तयार करीत. आकडेमोड निर्वात नलिकांच्या साहाय्याने चाले. माहिती आणि आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत जात. आज खिशातील साध्या दूरध्वनीची स्मृती याच्या लक्षावधी पट असते. तरीही आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत साठवायचे व यंत्राने त्या आज्ञा क्रमाने पाळायच्या, हे मूळ तत्त्व तेव्हा होते तेच आजही आहे.

येथे एक गोष्ट निर्भीडपणे मान्य केली पाहिजे. टिफ्रॅक पूर्ण होईतो पाश्चात्त्य देशांत निर्वात नलिकांचे युग सरत आले होते व ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारात येऊ लागले होते. १९६४ मध्ये टाटा संस्थेतच अमेरिकेहून ‘सीडीसी ३६००’ हा कितीतरी अधिक शक्तिमान संगणक आला आणि टिफ्रॅकचे कार्य लवकरच संपले. मग ही सारी खटपट व्यर्थ गेली काय? यंत्राच्या आयुष्यावरून हिशेब मांडल्यास तसे वाटेल. परंतु त्या यंत्राने माणसे घडविली. मंडलांची आखणी, स्मृतीची जुळणी, दोषांचा शोध, आज्ञावलीचे लेखन ही कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती. परदेशी संगणक आला तेव्हा तो जाणतेपणाने हाताळणारा वर्ग देशात अगोदरच तयार होता. केवळ खरेदीवर भिस्त ठेवली असती, तर हा वर्ग निर्माण झाला नसता.

नरसिंहन यांचे कार्य यंत्रापाशी थांबले नाही. १९६१ ते १९६४ या काळात ते अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात ‘इलिॲक-३’ या संगणकाच्या कामात होते. अणुगर्भातील कणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे त्या वेळी माणसांना डोळ्यांनी तपासावी लागत. हे काम यंत्राला कसे शिकवावे? नरसिंहन यांनी सुचविले की, वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असते. बिंदू, रेघ, वळण, छेद हे चित्राचे शब्द होत आणि त्यांच्या जुळणीचे नियम हे त्याचे व्याकरण. शिक्षक मुलांना ‘क’ शिकवितात तेव्हा दांडा, गाठ आणि शिरोरेषा अशी फोड करून सांगतात. विचाराची दिशा तीच. पुढे याच पद्धतीने हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरे यंत्राकडून ओळखवून घेण्याचे संशोधन त्यांनी केले. आकृती ओळखण्याच्या शास्त्रात या विचाराच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

यंत्र मिळविले तरी त्याला कामाला लावणारी आज्ञावली हवी, हे त्यांनी जाणले होते. मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आज्ञावली विकास व संगणन तंत्र केंद्राचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. याच केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही संस्था जन्मास आली आणि देशातील शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या संगणक-जाळ्याच्या उभारणीत तिचा वाटा राहिला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

स्वावलंबनाच्या त्या धोरणाची कसोटी लवकरच लागली. १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने भारतातील आपला व्यवहार आटोपता घेतला, तेव्हा देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने स्वीकारली. यंत्राचे अंतरंग जाणणारी माणसे देशात होती, म्हणूनच हे शक्य झाले.

उत्तरायुष्यात नरसिंहन यांचे चिंतन भाषा आणि साक्षरता या विषयांकडे वळले. मूल भाषा कशी आत्मसात करते आणि अक्षरओळखीने समाजाच्या विचारात कोणता पालट होतो, यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज संगणक गावोगाव पोहोचला आहे. पण यंत्र बसले म्हणजे काम झाले, असे मानण्याची चूक कोठेही घडू शकते. ते चालविणारा कर्मचारी केवळ कळ दाबणारा असेल, तर एका बिघाडाने कचेरीचे काम खोळंबते आणि दाखल्यासाठी आलेला शेतकरी हात हलवीत परत जातो. ज्या शाळेत, ज्या पंचायतीत यंत्र समजून घेणारी दोन माणसे तयार होतील, तेथे मात्र यंत्र बदलले तरी काम अडणार नाही. यंत्रासाठी तरतूद करताना माणसांच्या शिक्षणाचीही तरतूद व्हावी, हाच टिफ्रॅकच्या इतिहासाचा बोध आहे.