उशीर लिहिला तर खर्ची कापणार का?

आजचा विषय बांधकाम. ‘डेटा’ आणि ‘इनोव्हेशन’ म्हटलं की तुम्हाला ड्रोन आठवणार, माहितीये. मला एक दीडशे पानी वही आठवते.

मी साइट इंजिनीअर. उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका चिंचोळ्या गल्लीत तळमजला अधिक चार अशी इमारत उभी केली, तिथली ही गोष्ट. उत्पादकता म्हणजे काय, तर एका माणसाच्या एका तासात किती काम उभं राहतं. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटचा २०१७ चा अहवाल सांगतो की त्याआधीच्या वीस वर्षांत जगभर बांधकामातली ही वाढ वर्षाला जेमतेम १ टक्का होती. सगळ्या अर्थव्यवस्थेची २.८ टक्के. म्हणजे मोबाइल कुठल्या कुठे गेला आणि आपण अजून घमेल्यावर घमेलं देतोय.

वेगाने होतच नाही असं नाही. सिडकोने २०२२ मध्ये नवी मुंबईत बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरं उभी केली, एल अँड टीकडून. भिंती, स्लॅब असे भाग आधी ओतून ठेवायचे आणि जागेवर आणून जोडायचे, हे प्रीकास्ट तंत्र. पण त्याला क्रेन लागते. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी भांडण होतं!

म्हणून वही. रोज संध्याकाळी तीन नोंदी: माणसं किती आली, काम किती झालं आणि कशासाठी किती वेळ थांबावं लागलं. पहिला आठवडाभर मुकादम मामांनी तिसऱ्या रकान्यात एकच लिहिलं, ‘काही नाही’. आणि मी तर सळईवाली टोळी दोन-दोन तास बसलेली बघत होतो.

विचारलं, “मामा, हे काय?”

“साहेब, उशीर लिहिला की शनिवारी खर्ची कापतात. मग कोण लिहील?”

बरोबर होतं त्यांचं. आपणच खोट्याला पगार देत होतो. ठेकेदाराकडे गेलो, म्हटलं दोन आठवडे लिहिलेल्या उशिराचे पैसे कापू नका. तो म्हणाला, “मग सगळेच आरामात बसतील.” बरीच घासाघीस झाली, शेवटी तयार झाला.

तिसरा रकाना भरायला लागला आणि पहिला चोर सापडला तो मी! टोळी आठला यायची आणि सळई कुठली, किती लांबीची कापायची याची यादी मी दहाला व्हॉट्सॲपवर टाकायचो. रोज दोन तास, सहा माणसं. करा हिशोब. दुसरं, काँक्रीटची गाडी बाजाराच्या गर्दीत अडकायची, ती पहाटे मागवायला लागलो. तिसरं पाण्याच्या टँकरचं, त्यावर आजही उपाय सापडलेला नाही. तरी एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत बावीस दिवस जायचे ते सतरावर आले. ॲप नाही, सेन्सर नाही.

आता खरी गोष्ट. वेग वाढला की सगळ्यांनाच घाई सुटते. दुसरा स्लॅब भरून नऊ दिवस झाले आणि सेंट्रिंगवाला टेकू काढायला आला, त्याला ते दुसऱ्या साइटवर हवे होते. म्हणाला, “पंधरा दिवस होत आले की!” वही उघडली. तारीख समोर. हॉलचा गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा, आणि अशा स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला, नेहमीच्या हवेत किमान चौदा दिवस ठेवायचे असं आयएस ४५६ सांगतं. लहान गाळ्याला सात. तो चिडला, ठेकेदारही कुरकुरला, कारण टेकूंचं भाडं चढत होतं. टेकू राहिले. ज्या वहीने पाच दिवस वाचवले, तिनेच हे पाच दिवस थांबवलं.

मी एवढा का अडलो, ते उल्हासनगरकराला सांगावं लागत नाही. मे २०२१, नेहरू चौक: स्लॅब कोसळून सात जण गेले. सप्टेंबर २०२२, इथेच कॅम्प ५ मध्ये मानस टॉवर: चार जण. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी इमारतींबद्दल इथे ‘वालवा रेतीची’ एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. स्लॅब कधी भरला, क्यूब दाबून बघितले का, अठ्ठाविसाव्या दिवशी ताकद किती आली, ते विचारायला जा. कागदच नाही. घरात राहणाऱ्याने वर बघायचं आणि पोपडे मोजायचे. आणि इथून हाकेच्या अंतरावर अंबरनाथचं शिवमंदिर, त्याच्या शिलालेखात शके ९८२ कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १०६०. तीस वर्षांच्या इमारतीची तारीख मात्र सापडत नाही.

आता प्रत्येक स्लॅबच्या क्यूबचे आकडे मी वहीत चिकटवतो आणि पानाचा फोटो घर घेणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो. ठेकेदाराला ते अजून फारसं आवडत नाही. मागच्या महिन्यात एका क्यूबचा आकडा कमी आला, तोही टाकला. त्या दिवशी एकवीस फोन आले. एका काकूंनी विचारलं, “म्हणजे आमच्या डोक्यावरचा स्लॅब का?” नव्हता, जिन्याचा होता. त्याची पुन्हा तपासणी चालू आहे, रिपोर्ट आला की पुढच्या भागात सांगतो. मामांनी मात्र त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘साहेब फोनवर, दोन तास.’